खडशीचे सूचक

सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय जगात कुठलीही गोष्ट घडू नये, असं मनापासून मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे, आणि ते नेमके माझ्या आत्याचे थोरले दीर निघाले. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. निमोण्याच्या पुढं, धरणाच्या खालच्या अंगाला, घोडनदीच्या काठावर त्यांचं आणि आत्याचं एकत्र घर आहे. गावच्या पाणी संस्थेचं सचिवपद त्यांनी इतकी वर्षं सांभाळलं, की पुढं संस्थेनं त्यांना निवृत्त केलं तरी त्यांनी संस्थेला काही निवृत्त केलं नाही. सकाळी ओसरीवर बसून ते म्हणत, "चहा करण्यात यावा, असं मी सुचवतो," आणि गप्प वाट बघत. आतून आत्याचा आवाज येई, "अनुमोदन न्हाई. दूध यायचंय आजून." यावर आप्पा रागवत नसत. "विषय तहकूब," म्हणत आणि पेपर उघडत. दूध आल्यावर आत्या चहा करायची, पण अनुमोदन देऊन नव्हे. तो चहा आप्पा काहीशा नाराजीनं पीत, कारण त्यांच्या मते तो बेकायदेशीर होता.

घरातली म्हैस गेली तेव्हा आप्पांनी गोठ्यात दुखवट्याचा ठराव मांडला आणि आम्हा सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. तिच्या शेजारची म्हैस त्या वेळात खात राहिली, म्हणून आत्याचे यजमान हसले. ते हसणं इतिवृत्तात घेतल्याचं आप्पांनी त्यांना नंतर गंभीरपणे सांगितलं. माझ्या दहावीच्या निकालावर अभिनंदनाचा ठराव झाला आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मला मिळाली. शिक्का एका जुन्या उपसा सिंचन संस्थेचा होता. संस्था बंद पडली, शिक्का मात्र साबणाच्या डबीत घालून आप्पांच्या खिशात राहिला. पुढं नोकरीच्या मुलाखतीत तो कागद माझ्या मार्कशीटच्या मागून चुकून बाहेर आला. समोरच्या साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि मग मला एकच प्रश्न विचारला, "हे अनुमोदक कोण?" नाव आत्याच्या शेजाऱ्यांचं होतं. ते त्या दिवशी फक्त विळा मागायला आले होते.

मी शिरूरला राहायची आणि इंग्लिश मिडियममध्ये शिकायची. शनिवार-रविवार आत्याकडे. फार बोलायची सवय मला कधीच नव्हती, आणि बोलणाऱ्या माणसांना न बोलणारं माणूस शेजारी लागतं, त्यामुळे आप्पांचं आणि माझं जमलं. ते मला "मॅडम" म्हणत. स्कूटरवर मागं बसवून नदीकाठानं फिरवत आणि प्रत्येक बंधाऱ्यावर थांबत. स्कूटर स्टँडला लावायची, कठड्यावरून वाकायचं, खाली पाण्यात बराच वेळ बघायचं आणि काही न बोलता परत निघायचं. काय बघता असं मी विचारलं नाही. मी विचारणार नाही हे ओळखून एक दिवस त्यांनी स्वतःच सांगितलं.

"खडशी," ते म्हणाले.

खडशी म्हणजे महाशीर मासा. मोठे मोठे खवले, निळसर पर, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. आप्पांच्या लहानपणी त्यांची आई नदीवर भांडी घासायला बसली की तव्यावरच्या खरपुडीसाठी खडशा तिच्या पायांशी यायच्या. पावसाळ्यात पाणी चढलं की दौंडकडच्या भीमेतून त्या घोडनदीत शिरायच्या आणि प्रवाहाच्या उलट पोहत वरच्या खडकाळ पट्ट्यात अंडी घालायच्या. मग वर धरण झालं, आणि खाली आत्याच्या गावाचा बंधारा झाला. त्या बंधाऱ्याला खांबांमध्ये गाळे आहेत. पाऊस संपला की गाळ्यांत लोखंडी ढापे बसवतात आणि पाणी अडवतात. पुढच्या पावसाआधी ते काढायचे असतात, पण गावाला पाण्याचा मोह सुटत नाही, म्हणून पहिला पूर येऊन जाईपर्यंत बरेचदा ते तसेच राहतात. खडशा खालून येऊन त्या लोखंडाला थडकल्या. काही वर्षं आल्या. मग यायच्या थांबल्या.

"ह्या बंधाऱ्याच्या ठरावाला सूचक कोण हुता, म्हाईत हाय?" आप्पांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "मी. पयली सही माझी हाय. बंधारा चुकीचा न्हवता, मॅडम. ह्यो समदा ऊस, कांदा त्याच्यावरच हाय. पर ठरावात खडशीचं नाव घालायचं राहिलं. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. आता मी जायच्या आदी एक डाव हितं जलमलेली खडशी बघायची हाय. बाहेरनं आणून सोडलेली न्हवं. हितं जलमलेली."

हे सगळं त्यांनी विषयपत्रिका वाचावी तशा आवाजात सांगितलं, म्हणून ते किती मनापासून आहे हे मला जरा उशिराच कळलं.

तोवर त्यांनी कामाला सुरुवात केलीच होती. दर रविवारी ते दौंडच्या मासळीबाजारात जात. आप्पा पक्के शाकाहारी. नाकाला रुमाल लावून ते प्रत्येक पाटीपुढं उभे राहायचे, चिलापी, वाम, शिंगटा, मरळ असं सगळं नीट बघायचे आणि काहीही न घेता पुढं सरकायचे. तिथं मासे विकणाऱ्या एक मावशी होत्या. त्या लांबूनच शेजारणीला सांगायच्या, "आला बग मासळीचा तलाठी. आता पंचनामा हुणार." एकदा मी सोबत असताना त्यांनी विचारलं, "आवं आप्पा, खाईत न्हाई, घेईत न्हाई, मग वास घ्यायला येताय व्हय हितं?" आप्पा रुमालातून म्हणाले, "खडशी आली तर मला कळवायचं. आन् जिती असंल तर सोडून द्यायची." मावशी म्हणाल्या, "सोडून देऊ? मग मी खाऊ काय, तुमचा रुमाल?" पण आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आप्पांचा फोन नंबर घेतला.

मावळाकडच्या एका केंद्रात महाशीरचं बीज तयार करतात, असं आप्पांना कुणीतरी सांगितलं. प्रयोगशाळा असलेली माणसं फक्त इंग्रजी वाचतात अशी त्यांची पक्की समजूत. "तुझं इंग्लिश मिडियम कवा कामाला यायचं?" म्हणून त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. मी आठ ओळी लिहिल्या. त्यात सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. ती घातली. मग नदीचा इतिहास घातला. पत्र तीन पानांचं झालं. तरीही उत्तर आलं, आणि ऑगस्टमध्ये बोटाएवढ्या पिल्लांच्या, म्हणजे बोटुकल्यांच्या, बारा पिशव्या द्यायचं कबूल झालं. मी तेव्हा अकरावीत होते.

त्या दिवसाबद्दल लिहायला मला अजून जड जातं. प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशव्यांत पाणी, हवा आणि काळी-रुपेरी पिल्लं, अशी गाडी सकाळी नऊला बंधाऱ्यावर पोहोचली. आणि बंधाऱ्यावर मांडव होता. आमच्याकडे विहिरीला मोटर बसवली तरी मांडव पडतो, इथं तर मांडवाखाली साक्षात आप्पांच्या आयुष्याचा विषय होता. प्रमुख पाहुणे तालुक्याहून यायचे होते. ते अकराला आले. मग स्वागत, मग अकरा सत्कार, प्रत्येकाला शाल आणि नारळ, गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा. मग संस्थेच्या चेअरमनचं भाषण. मग आप्पांचं प्रास्ताविक, जे खरं तर आधी व्हायचं असतं, पण आधी केलं तर पाहुण्यांना ऐकता येणार नाही म्हणून त्यांनी ते मागं ठेवलं होतं. पिशव्या एका बाभळीच्या सावलीत ठेवल्या होत्या आणि राखायला मी. सावली सरकली. मी दोन पिशव्या ओढल्या, मग आणखी दोन, पण सावली बारा पिशव्यांची राहिली नव्हती. हात लावला तर प्लास्टिक कोमट लागत होतं. पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. मी उठून स्टेजच्या कडेपर्यंत गेले. आप्पा माइकवर होते. मला बघून त्यांनी हाताचा पंजा दाखवला आणि माइकमधूनच म्हणाले, "थांब, विषय चालू हाय." सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी परत जाऊन पिशव्यांपाशी बसले.

पाहुण्यांनी पहिली पिशवी नदीत ओतली, फोटो झाला आणि ते गेले. बाकीच्या आम्ही उघडल्या. निम्म्याहून जास्त पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगली. जी हलत होती ती कशीबशी पाण्यात गेली.  शेवटी चेअरमन चांगल्या मनानं म्हणाले, "आप्पा, दुखवट्याचा ठराव घ्यायचा का?"

"नको," आप्पा म्हणाले. त्यांनी ठरावाला नको म्हटलेलं गावानं पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही दोघांनी ती पिल्लं घमेल्यात गोळा केली आणि उसाच्या बांधाला पुरली. माती सारता सारता त्यांनी विचारलं, "तुला कळलं हुतं?" मी होकारार्थी मान हलवली. "मग बोलली का न्हाईस?" मी काही म्हणायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, "बोलायलाच आली हुतीस तू. मीच बसवली तुला." घरी जाऊन ते ओसरीवर बसले. आत्यानं न विचारता चहा आणून दिला. आप्पांनी तो प्यायला.

पुढच्या वर्षी मांडव नव्हता, पत्रिका नव्हती, पाहुणे नव्हते. आप्पा स्वतः त्या केंद्रावर जाऊन चार दिवस राहिले आणि पिल्लं कशी सोडायची ते शिकून आले. गाडी पहाटे आली. नदीवर, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, ड्रायव्हर, आप्पा आणि मी, एवढीच माणसं. पिशव्या न उघडता तशाच पाण्यात ठेवायच्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत, म्हणजे अर्धा तास. आप्पा धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उभे होते, आणि पिशव्या वाहून जाऊ नयेत म्हणून दोन्ही हातांनी त्या अडवून धरत होते. अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. मग एकेक पिशवी आडवी केली. पिल्लं पिशवीच्या तोंडाशी जरा थांबली, जणू बाहेर कोण आहे ते बघत होती, आणि मग दगडांत गेली. एकही तरंगलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, औंदा नारळ न्हाई व्हय?" त्याला आप्पांनी पिशवीभर वांगी दिली.

गुपचूप केलेल्या चांगल्या कामाचाही गावात राग येतो. चेअरमनना बोलावलं नव्हतं. दसरा झाल्यावर ढापे बसवायची वेळ आली, तेव्हा आप्पा त्यांच्याकडे गेले. बंधाऱ्याच्या वरचं पाणी मार्चपर्यंत मोटारी ओढून संपवतात, आणि तिथं अडकलेला मासा डबक्यात मरतो. म्हणून मधला एक गाळा आणखी पंधरा दिवस उघडा ठेवा, मासे खाली भीमेत निघून जाऊ द्यात, आणि पावसाआधी सगळे ढापे वेळेवर काढा, एवढंच त्यांचं म्हणणं. चेअरमन म्हणाले, "एक गाळा उघडा म्हंजी समदा बंधारा उघडा की, आप्पा. पंधरा दिसांचं पाणी वाहून जाईल. सभेपुढं विषय आणा. तुम्हीच म्हणायचा न्हवं, ठरावाबिगर पान हालू ने?"

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात झाली. मी मागं आत्याशेजारी बसले होते. आप्पा उठले. इतिहास नाही, प्रास्ताविक नाही. विषय दोन वाक्यांत सांगितला. "पाणी कमी पडलं तर पयली कपात माझ्या रानाची. माझी पाळी समद्यांच्या शेवटी लावा. मी सूचक." आणि बसले. चेअरमननी विचारलं, अनुमोदक कोण? कुणी तपकीर ओढली, कुणी मोबाइल बघितला. आप्पांनी ज्यांच्या ठरावांना आयुष्यभर अनुमोदन दिलं होतं ती सगळी माणसं तिथं बसली होती, आणि प्रत्येकाचा कांदा लागवडीला आला होता. आप्पा समोरच्या फळ्याकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला.

"माझ्या नावावर दोन एकर हाय. मी सभासद हाय," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. "माझं अनुमोदन ल्ह्या."

चेअरमन म्हणाले, "वैनी, घरातल्याच माणसाचं—"

"घरात मी ह्यांच्या चहालासुदीक कवा दिलं न्हाई," आत्या म्हणाली. "इचारा त्यांना. म्हंजी हे मी इचार करूनच देती हाय."

वऱ्हांड्यात हशा पिकला आणि त्या हशातच हात वर झाले. चेअरमनचा सगळ्यात शेवटी, पण झाला. तेव्हापासून तो ठराव दरवर्षी येतो आणि दरवर्षी आत्याच अनुमोदन देते. चहाला अजून देत नाही. आणि पाणी, खरं सांगायचं तर, कधी कमी पडलं, कधी नाही. कमी पडलं त्या वर्षी आप्पांची ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही, आणि त्याबद्दल त्यांनी कुणाला काही सुचवलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. खडशी अंडी घालण्याजोगी व्हायला चार-पाच वर्षं लागतात. माझं कॉलेज झालं, रांजणगावच्या एमआयडीसीत कंपनीत लागले. दोन वर्षांपूर्वी दौंडच्या मावशींचा फोन आला. त्यांच्या यजमानांच्या जाळ्यात एक आली होती, हाताएवढी. आप्पांनी विचारलं, कुठाय? मावशी म्हणाल्या, "सोडली. पुरावा काय न्हाई. पटत असंल तर बगा." साध्या पोहोचपावतीशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या आप्पांना ते लगेच पटलं. पुढच्या रविवारी त्यांनी मावशींना आत्याच्या हातची शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली. रुमाल नाकाला होताच.

पण ती आम्ही आणून सोडलेल्यांतलीच होती. आप्पांना हवी होती ती वेगळी. आणि दरम्यान त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू नव्हे, आतला पडदाच खराब झालेला. डॉक्टरांनी उजेड-अंधार कळेल एवढंच राहील असं सांगितलं. स्कूटर बंद झाली. तरीही ते काठी टेकत बंधाऱ्यावर जातात आणि कठड्याशी उभे राहून पाण्याचा आवाज ऐकतात. गाळा उघडा आहे की बंद, ते आवाजावरून सांगतात.

या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी ते मला म्हणाले, "मॅडम, वरल्या खडकात जाऊन येऊ." त्यांचा हात धरून मी त्यांना बंधाऱ्याच्या वरच्या पट्ट्यात नेलं. उथळ, स्वच्छ पाणी गोट्यांवरून चाललं होतं. त्यांना एका सपाट दगडावर बसवून मी पाण्यात उतरले. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग एका कपारीच्या सावलीत वीस-पंचवीस बारीक मासे दिसले, सगळे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबलेले. मी ओढणी पाण्याखाली धरली. तीनदा रिकामी आली. चौथ्यांदा एक आला. सोबत आणलेल्या, पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत घालून मी तो आप्पांकडे आणला.

"केवढा हाय?"

"माझ्या करंगळीएवढा."

"मिशा?"

मी बरणी उजेडाला धरली. "आहेत. दोन जोड्या."

"नीट बग. वाईच थांब आन् मग सांग. परांचा रंग?"

"निळसर आहेत, आप्पा. खवले मोठे आहेत. खडशीच आहे."

 आम्ही शेवटची पिल्लं सोडली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्यानंतर नदीत कुणी एकही सोडलेलं नव्हतं. त्यांतली जी जगली ती आता हातभर असणार. करंगळीएवढी खडशी कुठून येऊ शकते, हे मला आप्पांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी बरणी त्यांच्या हातात दिली. आत पिल्लू फिरलं आणि काचेला तोंड लावून दोन-तीनदा टकटकलं. ते आप्पांच्या बोटांना कळलं असावं, कारण त्यांनी बोटं तिथून हलवली नाहीत.

मग बरणी माझ्याकडे परत देऊन म्हणाले, "सोड."

मी सोडलं. ते इतरांमध्ये जाऊन मिसळलं आणि मग कुठलं ते मला ओळखू येईना. आप्पांनी विचारलं, "हिला किती वर्सं लागतील, अंडी घालायला?"

"चार-पाच."

त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला. मला वाटलं, ते स्वतःच्या वयाबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "तवा तू कुठं असशील?"

हा प्रश्न घरी हल्ली सगळेच विचारतात, आणि मी कुणालाच उत्तर देत नाही. पुण्याच्या नोकरीचं बोलणं चालू आहे, आणखीही बोलणी चालू आहेत. मी ओढणी पिळली. पाणी गोट्यांवरून खाली, बंधाऱ्याकडे चाललं होतं, आणि मधल्या गाळ्यातून पडणाऱ्या त्याच्या आवाजाकडे आप्पांनी कान केला होता. माझ्या उत्तराची त्यांना घाई नव्हती.

"कुठंही असले," मी म्हणाले, "तरी ढापे काढायच्या दिवशी येईन."

त्यांनी मान हलवली आणि उठायला हात पुढं केला. वाटेत त्यांनी मला पुन्हा एकदा परांचा रंग विचारला. मी पुन्हा सांगितला.